गुहेच्या तोंडाशी थांबलेला खेळ

माणूस कोणत्या नियमांनी खेळतो, यावरून तो मरणाकडे कसा पाहतो ते कळतं. हे वाक्य मी एका चर्चासत्रात म्हटलं होतं, आवाज खाली आणून आणि योग्य जागी थांबून. वेळ जेवणाच्या जरा आधीची होती. माझ्या थांबण्याचा अर्थ श्रोत्यांनी भाषण संपलं असा घेतला आणि टाळ्या वाजवल्या. वाक्य खरं आहे की नाही, हे तपासून पाहायची वेळ तोवर आलेली नव्हती. ती आली तेव्हा मी गोंदियाजवळच्या तिरोड्याला एका पितळी परातीसमोर मांडी घालून बसलो होतो.

आम्ही चौघं रविवारी दुपारी तिरोड्याला जमून एक खेळ खेळायचो. त्याला मराठीत नाव नाही. मी सुचवलेली नावं बाकीच्यांनी हसून नाकारली. खेळ तसा सोपा आहे. टेबलाभोवती बसायचं. एक जण सांगणारा: तुम्ही जंगलात आहात, समोर ओढा आहे, पलीकडे धूर दिसतो आहे. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं बोलतात: मी ओढा ओलांडतो. ओलांडता येईल की पाय घसरेल अशी शंका असेल तर फासे टाकायचे. शंका कशाला म्हणायचं, फासे कोणते, पडलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे ज्यात ठरलेलं असतं ती नियमावली. अशा नियमावल्या जगात चिक्कार आहेत आणि त्यांच्यावरून माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात. शेजारच्यांची समजूत होती की आम्ही नाटकाची तालीम करतो. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकं होतात, त्यामुळे हा संशय आदराचाच होता. फक्त इतकी वर्षं तालीम करूनही यांचं नाटक काही लागत नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं.

सांगणारा सरकारी भूकरमापक होता. शेतांच्या हद्दी मोजून द्यायचा. आम्ही जमायचो ते घर त्याचंच. उरलेल्या तिघांत एक गोंदियाचा राईसमिलवाला, जो हिंदीत विचार करतो आणि मराठीत चिडतो. एक तिरोड्यातच औषधांचं दुकान चालवणारी ताई. आणि तिसरा मी, गोंदियाच्या कॉलेजात मराठी शिकवणारा, रविवारी पॅसेंजरनं येणारा. भूकरमापकाची बायको, आमची वहिनी, खेळत नसे. ती देवरीकडची. स्वयंपाकघराच्या दारातून ती वर्षानुवर्षं ऐकत आली होती, आणि आमच्यातलं कोण कधी मूर्खासारखं वागलं हे तिला आमच्यापेक्षा चांगलं आठवायचं.

त्याची नियमावली त्याची स्वतःची होती. सापशिडीच्या डब्यातले दोन फासे, बाकी सगळी मोजणी. "उडी मारतो" म्हटलं की तो विचारायचा, कुठून? पायाखाली काय आहे? हातात काय आहे? ऊन कोणत्या बाजूचं? मग बांधावर उभा असल्यासारखे डोळे बारीक करून सांगायचा, "आठच्या वर पाहिजे." आठच का, हे आम्ही कधी विचारलं नाही. ज्याच्या शब्दावर भाऊ-भाऊ बांध सरकवतात, त्याच्याशी ओढ्याच्या रुंदीवरून कोण भांडणार. नियम त्यानं कुठे लिहिले नव्हते. नकाशा तेवढा कागदावर होता, तोही आम्ही जिथवर पोचलो तिथवरचा. पुढचा मुलूख आणि सगळे नियम त्याच्या डोक्यात होते. ते डोकं आम्ही एका हिवाळ्यात मोक्षधामात नेऊन जाळलं.

शेवटच्या रविवारी आमची पात्रं एका गुहेच्या तोंडाशी येऊन उभी होती. गुहा त्यानं कचारगडच्या यात्रेच्या गुहेवरून उचलली होती. सालेकसाकडे मोजणी निघाली की तो तिथे जाऊन यायचा. आमच्या गुहेत यात्रा भरत नसे, एवढाच फरक. आत काळोख होता. आम्ही कान दिला. तेव्हा सांगणाऱ्यानं मान जरा वळवली आणि आतल्याच्या वतीनं, नेहमीच्या राक्षसांच्या आवाजात नव्हे, अगदी साध्या, दमलेल्या आवाजात म्हटलं, "दिवा लावला काय?"

असं विचारणारं भूत आमच्या ओळखीचं नव्हतं. राईसमिलवाला म्हणाला, कोण आहे ते मी विचारतो. सांगणाऱ्यानं घड्याळ पाहिलं, फासे डब्यात टाकले आणि पुढच्या रविवारी सांगतो म्हणाला. ऐन वेळी अडवून ठेवायची त्याला खोड होती. गुरुवारी तो देवरीकडून मोजणी करून आला, समोरच्या खोलीत जोडे काढायला बसला आणि तिथेच गेला.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच जागी पीठ पसरलं. हा रिवाज माहीत नसेल त्यांच्यासाठी: माणूस जिथे गेला तिथे दिवा लावतात, शेजारी परातीत तांदळाचं पीठ पसरून हातानं सारखं करतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पाहायचं, पिठावर काय उमटलं. पक्ष्याचा पाय दिसला तर पक्ष्याच्या जन्माला गेला, खूर दिसला तर गाईच्या, बोटं दिसली तर पुन्हा माणसाच्या. काहीतरी उमटलं म्हणजे गेला. काहीच उमटलं नाही तर त्याबद्दल कोणी बोलत नाही.

त्या सकाळी उमटलं होतं. नातेवाईक परातीभोवती वाकले आणि तिथे जे झालं ते मी खेळाच्या टेबलाभोवती अनेकदा पाहिलेलं होतं. कोणाला कबुतर दिसलं, कोणाला वासरू. मयताच्या मोठ्या भावाला ॐ दिसला. या गृहस्थांनी शोकसभेत "ज्यानं जमिनी मोजल्या त्याचं मन कोणाला मोजता आलं नाही" असं म्हणून स्वतःचेच डोळे पुसले होते, त्यामुळे ॐच्या खाली उतरणं त्यांना शक्य नव्हतं. वहिनी भिंतीशी बसून होती. परातीकडे तिनं पाहिलं नाही.

पुढे एका रविवारी आम्ही तिघं काही न ठरवता त्या घरी पोचलो. कारण सांगता येत नाही. रविवार होता आणि गाडी वेळेवर होती. फाटकावरचा दिवा भर दुपारी जळत होता. मी बटण शोधायला लागलो तर ताईनं माझा हात धरला. दुकानात जातायेता ती रोज पाहत होती. तो दिवा तेरवीपासून बंद झालाच नव्हता.

वहिनीनं टेबल पुसून दिलं. आम्ही आपापल्या जागांवर बसलो, त्याची खुर्ची सोडून. राईसमिलवाल्यानं सापशिडीचा डबा त्या खुर्चीसमोर ठेवला.  मग राईसमिलवाला जुन्या सवयीनं खुर्चीकडे पाहून म्हणाला, "मी आत दगड फेकतो. आवाज येतो का?"

आणि आम्ही तिघंही उत्तराची वाट पाहत बसलो. शहाणीसुरती, मतदान करणारी माणसं. इतकी वर्षं त्या खुर्चीतून उत्तर आलं होतं, त्यामुळे ती रिकामी आहे हे आमच्या लक्षातच आलं नाही. दूर औष्णिक वीजकेंद्राची चिमणी दिसत होती, तिचा धूर सरळ वर जात होता. दगड अजून पडत होता.

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं. कप ठेवता ठेवता म्हणाली, "तो आतला कोण होता, जी?"

आम्हाला माहीत नव्हतं, हे तिला सांगितलं. ती खाली बसली. तिनं जे सांगितलं त्याचा सारांश असा: गल्लीत अंधार असायचा, आणि संध्याकाळी स्कूटर बंद करून फाटकातून हे रोज तिला हाक मारायचे. दिवा लावला काय? रोज, ह्याच आवाजात. त्या शेवटच्या रविवारी गुहेतून तोच आवाज आला तेव्हा ती आत भाजी चिरत होती आणि चुकून "हो" म्हणाली होती. आमच्यापैकी कोणाला ते ऐकू गेलं नव्हतं. आता तिला कळायला हवं होतं की गुहेत कोण होतं, आणि ते अजून आतच आहे का. आम्ही खेळ पुरा करावा. ती स्वतः बसेल.

ज्याच्या डोक्यात नियम होते तो नाही, म्हणजे नवी नियमावली निवडणं आलं. आम्ही एकेक रविवार एकेकाला दिला.

पहिली राईसमिलवाल्याची. त्यानं जगभर चालणारं एक जाडजूड पुस्तक मागवलं, सोबत वीस बाजूंचे फासे. या पुस्तकात सगळ्याचे नियम आहेत. पडण्याचे, पोहण्याचे, भाव करण्याचे. मिलवाल्याला ते वाचताना पाहणं हा आनंद होता. जगात कुठेतरी कोणीतरी सगळं लिहून ठेवलं आहे याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. वहिनीला पात्र हवं होतं. बुटके, लांब कानांचे, चेटूक करणारे, सगळे प्रकार त्यानं वाचून दाखवले. तिनं विचारलं, मी मीच राहिली तर चालते काय? त्यानं बरीच पानं उलटली. "चालतं भाभी. पर उसमें कुछ आता नहीं आपको." साधा माणूस, कसब शून्य, असं त्यानं लिहिलं. वहिनीला ते पटलेलं दिसलं.

गुहेत कोण राहतं याचाही त्या पुस्तकात तक्ता होता. फासा टाकला, दोन डोक्यांचा अजगर निघाला. दिवा लावला काय असं विचारणारा अजगर. मिलवाला स्वतःच खजील झाला आणि विषय बदलायला त्यानं पुढचं पान वाचलं: मेलेला माणूसही या नियमांत परत येतो, पुजारी लागतो आणि एक हिरा लागतो.

"खरं काय?" वहिनी म्हणाली. "मंग आधी काऊन नाही मागवलं पुस्तक?"

ती हसून बोलली होती. मिलवाल्यानं पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

दुसरी ताईची. औषध विकणाऱ्या बाईला मात्रा आवडते, आणि तिची नियमावली मात्रेची होती. भीतीच्या कथांसाठी बनवलेली. प्रत्येक पात्राला सुरुवातीला मनाच्या बळाचे गुण मिळतात, आणि नको ते दिसलं, नको ते ऐकलं की ते कमी होत जातात. आधी झोप जाते, मग भास होतात, मग पात्र आपलं राहत नाही. मला ही पद्धत आवडली. शौर्याचा आव नाही, शेवट आधीच ठाऊक, फक्त उतार किती लांब ते फाशांनी ठरवायचं. ताई नीट समजावून सांगत होती. वहिनी मन लावून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "हे तं मी घरी करूनच राहिली, ताई. याले फासे कायले पाहिजे?"

तिच्या झोपेच्या गोळ्या ताईच्याच दुकानातून जात होत्या. ताईनं पुस्तक पिशवीत टाकलं.

तिसरी माझी. ती अवघ्या काही पानांची होती, त्यातली बरीचशी प्रस्तावनेनं खाल्ली होती. प्रस्तावनेत लिहिलं होतं की सांगणारा हा सत्तेचा अवशेष आहे, फासे ही नशिबाची गुलामी आहे, आणि कथा सगळ्यांची असते. या सुरात लिहिलेलं काहीही मी एरवी विद्यार्थ्यांच्या वहीत लाल करतो. पण इथे आमचा सांगणाराच उरला नव्हता, तेव्हा सांगणाऱ्याशिवाय चालणारी पद्धत सोयीची वाटली. नियम एकच: प्रश्न आला की प्रत्येकानं उत्तर द्यायचं, आणि सगळ्यांना भावेल ते खरं मानायचं.

गुहेत कोण आहे? मिलवाला म्हणाला, कोणी साधू असेल, तपश्चर्या करत असेल. ताई म्हणाली, आपल्याच आवाजाचा घुमारा असेल. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, आत काळ आहे.

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. "सर, कालेजात पण असंच सांगता काय?" मग हसणं थांबवून म्हणाली, "मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिले तुम्ही सगळे. तुमच्या मनातलं मले माहीत आहे, जी. मले तुमच्या मनातलं नाही पाहिजे."

नियमावल्यांबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. कोणाला हिशोब आवडतो, कोणाला नाट्य, कोणाला दोन्हीचं मिश्रण; आपली आवड ओळखा आणि तशी निवडा, असं सगळे सांगतात. पण फासे मुळात कशाला लागतात, हे मला त्या दुपारी कळलं. टेबलाभोवतीच्या कोणाच्याच मनातलं नसलेलं उत्तर हवं असतं. बाहेरून आलेलं. कुठल्या बाहेरून, हे विचारायचं नसतं.

पुढच्या रविवारी टेबल भिंतीला लावलेलं होतं. जमिनीवर पितळी परात होती, तांदळाचं पीठ होतं, टोपली होती. जागा तीच, जिथे तो जोडे काढायला बसला होता. मी काही बोलणार होतो, पण मिलवाला आणि ताई आधीच खाली बसले होते.

वहिनीनं नियम सांगितले. प्रश्न मोठ्यानं विचारायचा. पीठ सारखं करायचं, टोपली पालथी घालायची. मग उठून आत चहा प्यायला जायचं, सगळ्यांनी, मागे वळून न पाहता. परत येऊन टोपली उचलायची. ज्याचा प्रश्न त्यानं वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. वाचणाऱ्यानं दिसतं तेवढंच सांगायचं. काही उमटलं नाही तर तेही उत्तरच.

आम्ही खेळलो. मिलवाल्यानं विचारलं, गुहेत पुढे वाट आहे का. मुंग्यांची एक ओळ पिठातून गेलेली होती. ताईनं वाचलं: वाट आहे, अरुंद, वळणाची. ताईनं विचारलं, आत पाणी आहे का. परातीच्या काठाशी ओल धरून पिठाची गुठळी झाली होती, आढ्यावरून काही ठिबकलं असावं. आहे, मी वाचलं, डाव्या हाताला. हळूहळू आम्ही पुढे सरकलो. माझ्यातला शंकेखोर प्रत्येक वेळी कारण देत होता, मुंगी, ओल, वारा. पण कारण दिल्यानं गुहा काही उजळत नव्हती. उलट आता ती खोलीतच होती.

पद्धत म्हणून ती कशी होती, हे सांगायला हवं. फार संथ. एका उत्तराला एक चहा. फासे हातात असले की माणूस येता जाता विचारतो, कुलूप उघडतं का, दार ढकललं तर काय. इथे तसं परवडत नाही. दोन-तीन रविवारांत आमचे फालतू प्रश्न संपले. मग असे प्रश्न उरले जे विचारायला तोंड उघडत नाही.

अशाच एका दुपारी वहिनीनं स्वतः पीठ चाळलं. टोपली माझ्याकडे दिली आणि म्हणाली, आज सरांनी वाचायचं.

मी म्हणालो, "वहिनी, माझा यावर विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"म्हणूनच तं."

मग तिनं आम्हा तिघांना ते सांगितलं. आवाज चढवला नाही, पीठ सारखं करत करतच बोलली. "दहाव्याले सगळे झोपले होते. पहाटे मीच पहिले टोपली उचलली. काही नव्हतं. साफ पीठ. लोक म्हणतील, जीव अडकला. म्हणून मीच बोटं लावली."

कबुतर, वासरू आणि ॐ. मिलवाला मान खाली घालून आपल्या तळव्याकडे पाहत राहिला. 

"मी खोटं उमटवलं, आता मले खरं कसं दिसन?" वहिनी म्हणाली. "तेव्हापासून फाटकातून आवाज येते संध्याकाळी. लाइट चालूच ठेवली, तरी विचारून राहिले." मग परातीकडे पाहून तिनं प्रश्न विचारला, खेळात विचारतात तसा, स्पष्ट शब्दांत. "गुहेतला माणूस बाहेर गेला काय?"

टोपली पालथी घालण्याआधी मी तिच्यात पाहिलं. काम शंकेखोराचं होतं, तेव्हा नीट पाहिलं. बांबूची वीण, एक सुटलेली कामटी, बाकी काही नाही. झाकली. आम्ही आत गेलो.

चहा पिताना मी उत्तर ठरवून टाकलं. पीठ कोरं असणार याची मला खात्री होती, आणि कोरं असलं तरी मी "गेला" म्हणणार होतो. वाचताना दिसेल तेवढंच सांगायचं हा नियम मला ठाऊक होता. पण नियम पीठ पसरणाऱ्याचे असतात, आणि तिनंही ते एकदा मोडले होते.  समोरच्या खोलीतून आवाज येत नव्हता. तिकडे न पाहणं हे सगळ्यात अवघड काम आहे, हे मी नियमावलीच्या कोणत्याही प्रस्तावनेत वाचलेलं नाही.

परत आलो. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली. मी टोपली उचलली.

पावलं होती. बारीक, बोटं फाकलेली, दोन-दोन, आणि त्यांच्या मधून ओढत गेलेली एक रेघ. परातीच्या मधोमध सुरू होत होती. आत येणारं पाऊल कुठेच नव्हतं. मधून निघून, जराशी वळून, दाराच्या बाजूच्या काठावरून ती बाहेर गेली होती. काठाबाहेर जमिनीवरही थोडं पीठ सांडलं होतं, आणि मग काही नव्हतं.

माझं ठरवलेलं उत्तर घशात होतं, पण ते द्यायची गरज पडली नाही. मी नियमाप्रमाणे दिसलं तेवढंच सांगितलं.

"मधून निघाली आहेत पावलं. दाराकडे. बाहेर गेली आहेत."

"परत आलेली?"

"नाहीत."

वहिनीनं वळून पाहिलं नाही. तिचा प्रश्न होता, तिला पाहता येत नव्हतं. ती उठली, फाटकापर्यंत गेली. दिव्याचं बटण फाटकाच्या खांबाला होतं, मी त्या दिवशी चुकीच्या भिंतीला शोधत होतो. ते बंद झाल्याचा आवाज आम्हा तिघांना ऐकू आला. उन्हात दिवा विझला की काही फरक पडत नाही, तरी आम्ही तिघंही तिकडे पाहत होतो. मग ती परत आली, परात उचलली आणि पीठ शेजारच्या गाईला घालायला घेऊन गेली.

पावलं पालीची होती. हे मला तेव्हाच कळलं होतं, मिलवाल्यालाही कळलं होतं, आणि ताईला आमच्याआधी. टोपलीत कुठेतरी चिकटलेली असणार, झाकल्यावर पिठात पडली, काठाखालच्या फटीतून निघून गेली. दुसरं काही असू शकत नाही. टोपलीत पाल नव्हती, एवढाच मुद्दा उरतो, आणि तो मी पॅसेंजरमध्ये बसून पुष्कळदा तपासला आहे. सुटलेली कामटी, वीण, तळ. मी पाहिलं होतं.

वहिनीला आम्ही पालीचं सांगितलं नाही. पुढे कधीतरी ती स्वतःच म्हणाली की पाल असेल. असली तं असली. ती बाहेर गेली ना.

खेळ सुरू आहे. गुहा मागे पडली, नवी गोष्ट आहे, आणि वहिनी खेळते. तिचं पात्र अजून साधा माणूस, कसब शून्य असंच आहे आणि आमच्यातलं सगळ्यात जास्त दिवस तेच टिकलं आहे. फाटकावरचा दिवा ती संध्याकाळी लावते आणि झोपताना बंद करते. सापशिडीचा डबा खुर्चीसमोरून काढून कपाटात ठेवला आहे. परात पुन्हा भाकरीच्या पिठाला लागली.

सध्या आम्ही राईसमिलवाल्याच्या जाड पुस्तकानं खेळतो. चर्चासत्रातलं माझं वाक्य त्यानं ऐकलं होतं, त्यामुळे हे का निवडलं असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, पहिल्याच रविवारी पुस्तकावरचं प्लास्टिक फाडलं होतं, आणि प्लास्टिक फाडलेलं पुस्तक परत घेत नाहीत.